ना तिवईची, ना कॅमेऱ्याची

छायाचित्रणाच्या छंदास लागलेला मनुष्य आपला कॅमेरा कोणता, त्यावरील भिंग कोणतें आणि तें केवढ्यास पडलें हें सांगतांना कधीं थकत नाहीं. आम्हीही त्याच पंथांतले असल्यामुळें या बाबतींत दुसऱ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु कॅमेरा आणि तिवई या दोघांच्या मध्यें जी एक काडेपेटीएवढी धातूची पट्टी असते, तिची कोणी कधीं स्तुति केलेली आमच्या ऐकिवांत नाहीं. ती जवळ नसतांना तिच्या नांवानें केलेला आक्रोश मात्र आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे, आणि एकदां स्वतःही केला आहे. त्या आक्रोशाची हकीकत सांगण्यापूर्वीं पट्टीची ओळख करून देणें अवश्य आहे. कारण ज्यांनीं तिवई वापरली नाहीं अशा वाचकांस, एवढ्याशा तुकड्यापायीं एका मनुष्याची मजुरी बुडाली हें खरें वाटावयाचें नाहीं.

इंग्रजींत हिला ‘क्विक रिलीज प्लेट’ म्हणतात. अध्यापकाच्या खोडीप्रमाणें आम्हीं एकदां हिचें ‘शीघ्रमोचन पट्टिका’ असें बारसें केलें होतें. तें ऐकून आमच्या कन्येनें, ऋणमोचन स्तोत्रासारखें हें दुसरें एखादें स्तोत्र आहे काय, असें विचारलें. व तेव्हांपासून तें नांव आम्हीं टाकून दिलें. दुकानदार तिला नुसती ‘प्लेट’ म्हणतो, तिवईला ‘ट्रायपॉड’ किंवा ‘स्टँड’ म्हणतो, आणि त्याचें काम कोठें अडत नाहीं. आम्हीही यापुढें प्लेटच म्हणूं. तिवई हा शब्द मात्र आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरांतला असल्यामुळें तो सोडवत नाहीं.

कोणताही चांगला कॅमेरा उलटा करून पाहावा. त्याच्या तळाशीं आटे पाडलेलें एक भोंक असतें. त्याचा व्यास पाव इंच, व आटे दर इंचास २०. मोठ्या व जड यंत्रांसाठीं तीन-अष्टमांश इंचाची, दर इंचास १६ आट्यांची दुसरी जात आहे; पण सामान्य गृहस्थाचा संबंध पहिलीशींच येतो. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं, सर्व कारखान्यांनीं आपल्या स्क्रूंचे आटे ठराविक मापांचे पाडावे अशी योजना मांडली. तोंपर्यंत प्रत्येक कारखान्याचा स्क्रू आपल्याच घरीं चालावयाचा. कॅमेऱ्याच्या तळचें भोंक त्याच घराण्यांतलें आहे. पुढें अमेरिकन मापाचें प्रस्थ वाढलें, आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता तो ६० अंशांचा झाला. परंतु पाव इंच आणि २० आटे हा हिशोब कोणी बदलला नाहीं, व त्यामुळें आजोबांच्या वेळचा कॅमेरा नातवाच्या तिवईवर बिनतक्रार बसतो. आतां तर ‘आय. एस. ओ. १२२२’ या नांवानें त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. मौज अशी कीं, जपानी व जर्मन कारखानदार बाकी सर्व कांहीं मिलिमीटरांत मोजतात. फक्त कॅमेऱ्याच्या तळाशीं आले म्हणजे मुकाट्यानें इंचांत येतात. मानवजातीचें इतकें एकमत आम्हांस दुसऱ्या कोणत्याही विषयावर आढळलेलें नाहीं.

या स्क्रूंत दोष एकच, तो म्हणजे दिरंगाई. वास्तविक चार फेरे फिरविले कीं काम झालें. परंतु डाव्या हातांत जड कॅमेरा तोलून, उजव्या हातानें खालून चांचपत, भोंकाचें तोंड गांठीपर्यंत समोरचा पक्षी उडून जातो किंवा समोरचें मूल रडावयास लागतें. यावर उपाय म्हणून ही प्लेट निघाली. ती त्याच पाव इंची स्क्रूनें कॅमेऱ्याच्या तळाशीं एकदां घट्ट बसवून ठेवावयाची; तिवईच्या माथ्यावर स्क्रूच्या जागीं एक जबडा असतो, त्यांत ती सरकवावयाची, खटका दाबावयाचा, आणि कॅमेरा उभा राहिला! काढतांना पुन्हा खटका उघडला कीं कॅमेरा हातांत. सगळा खेळ दोन सेकंदांचा.

आतां स्क्रू सर्व जगाचा एक, तशी प्लेटही एक असती तर ही हकीकत घडलीच नसती. झुरिच येथें १९२६ सालीं निघालेल्या आर्का-स्विस या कारखान्याच्या प्लेटीचा आकार तळाशीं रुंद व वर निमुळता, रुंदी सुमारें ३८ मिलिमीटर. तो इतरांनीं उचलला व आज पुष्कळ ठिकाणीं तोच चालतो. पण त्यालाही सर्वांनीं मिळून ठरविलेलें नेमकें माप नसल्यामुळें, एकाची प्लेट दुसऱ्याच्या खटक्याच्या जबड्यांत क्वचित् ढिली बसते व क्वचित् शिरतच नाहीं. इटलींत बास्सानो देल ग्राप्पा येथें लिनो मानफ्रोत्तो या वृत्तछायाचित्रकारानें काढलेल्या कारखान्याच्या प्लेटी निराळ्या, व त्यांच्यांतही पुन्हा आपसांत न जमणारे प्रकार. चलच्चित्रें घेणाऱ्यांच्या स्टँडांवर पाठीमागून आंत सरकणाऱ्या लांबट प्लेटी असतात, त्यांचा गोतावळा वेगळाच. थोडक्यांत, स्क्रूच्या राज्यांत सर्वांचा सर्वांशीं रोटीबेटी-व्यवहार. प्लेटीच्या राज्यांत मात्र पोटजातीबाहेर सोयरीक नाहीं. आणि प्लेट जबड्यांत नसेल तर तिवईच्या माथ्यावर नुसती पोकळी असते. कारण स्क्रू प्लेटीबरोबरच जातो. तिचें माहेर तिवई, सासर कॅमेरा. सासरचे म्हणतात ती माहेरीं असेल, माहेरचे म्हणतात ती सासरीं असेल, आणि ती दोहोंकडेही नसते, ही गोष्ट प्रवास संपल्यावर कळते.

आमची गोष्ट अशीच कळली. २०२३ सालच्या डिसेंबरांत आम्ही वाईस गेलों होतों. तेथें आमच्या थोरल्या वहिनी जुन्या घरांत एकट्या राहतात. दादांच्या पश्चात् घरांतील वस्तूंची वांटणी व्हावयाची राहिली होती, ती या खेपेस झाली. आमच्या आजोबांची एक वही होती. १९३४ सालापासूनचा घरखर्च त्यांनीं तींत मोडींत उतरला आहे: तुपाचा भाव, मुलांचे जन्म, दोन मुलांचे मृत्यु, आणि पानाच्या शेवटीं न चुकतां ‘उसनें’ असा एक रकाना. शेजाऱ्याकडून आणलेली अर्धा शेर साखर कोणत्या तिथीस आणली व कोणत्या तिथीस परत केली, हें त्यांत लिहिलेलें आहे. वही वांटणींत आमच्या चुलतबंधूंकडे गेली, व ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती घेऊन न्यू जर्सीस निघणार होते. “तिकडे पोंचलों कीं सगळीं पानें स्कॅन करून पाठवितों,” असें ते म्हणाले. अशीं वचनें आमच्या घराण्यांत पूर्वीं पुष्कळ दिलीं गेलीं आहेत. म्हणून आम्हीं रात्रीच्या रात्रीं सर्व पानांचीं छायाचित्रें घ्यावयाचें ठरविलें होतें, व त्यासाठींच पुण्याहून कॅमेरा, तिवई, जादा बॅटऱ्या असा सर्व संभार घेऊन खंबाटकीचा घाट ओलांडला होता.

तिवई उभी केली, पाय पसरले, आणि माथ्यावर पाहतों तों पोकळी. आदल्या रविवारीं गच्चीवरून चंद्राचें चित्र घेण्यासाठीं ती प्लेट आम्हीं दुसऱ्या कॅमेऱ्यास लावली होती. तो कॅमेरा पुण्यास कपाटांत होता व त्याच्या पोटाशीं ती सुखानें निजली होती. बॅटऱ्या आम्हीं दोनदां मोजल्या होत्या. प्लेट मोजण्याची वस्तु आहे, असें आमच्या कधीं मनांतच आलें नव्हतें.

पुतण्यानें आपला फोन पुढें केला. त्याचा हेतु चांगला होता. पण दिव्याखालीं त्याच्याच हाताची सांवली पानावर पडे, आणि जेथें शाई उडून अक्षर नुसतें तपकिरी उरलें होतें, तेथें फोन आपल्या अकलेनें कागद स्वच्छ करून अक्षरच पुसून टाकी. कॅमेरा हातांत धरावा, तर तेवढ्या उजेडांत पाव सेकंद तरी पडदा उघडा ठेवणें भाग, आणि पन्नाशी उलटलेल्या हातांस पाव सेकंद म्हणजे युग. रात्रीचे नऊ वाजले होते. आमची चडफड पाहून वहिनी म्हणाल्या, “भावोजी, घाटाच्या वाटेवर त्या फोटोवाल्याचें दुकान आहे. तो लग्नांचे फोटो काढतो. त्याच्याकडे विचारा तरी.”

तो तरुण दुकान बंद करीत होता. आम्हीं आमची तिवईच उचलून नेली होती. त्यानें आपली प्लेट आमच्या जबड्याशीं धरून पाहिली व मान हालविली. त्याचा स्टँड चलच्चित्राचा. प्लेट लांबट, आमच्या जबड्याच्या दीडपट रुंद. मग त्यानें आमचा कॅमेरा हातांत घेऊन उलटा केला, खिशांतून एक रुपया काढला, आणि प्लेटीचा स्क्रू त्या भोंकांत फिरविला. चार फेरे. कॅमेरा जपानी, स्टँड बहुधा चिनी, नाणें आपल्या सरकारचें. आणि सर्व कसें चपखल बसलें. त्या क्षणीं आम्हीं व्हिटवर्थसाहेबांस मनोमन नमस्कार केला. “सर, स्टँडच घेऊन जा,” तो म्हणाला, “पण सकाळीं मला लागेल. हळद आहे, मग बाराचा मुहूर्त.” भाडें विचारलें तर, एका रात्रीचें काय भाडें घ्यावयाचें, असें म्हणून त्यानें शटर ओढलें व स्वतःच स्टँड खांद्यावर घेऊन आमच्याबरोबर चालूं लागला.

त्याच्या स्टँडाचें डोकें पुरतें खालीं वांकेना. सरळ खालीं पाहिल्याशिवाय तर पान चौरस येत नाहीं. तेव्हां वहिनींनीं दादांचें पोथी वाचण्याचें लांकडी व्यासपीठ काढून दिलें. वही त्यावर तिरपी ठेवली, आणि तिच्या उतरणीस काटकोन साधेल असा कॅमेरा कलता केला. पुढें भिंगाचें वजन असल्यानें कॅमेरा प्लेटीवर हळूच फिरूं पाहत होता. त्यावरही त्या तरुणानें उपाय केला: सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा मध्यें घातला व रुपयानें स्क्रू आणखी पाव फेरा आवळला. या कामाचें शास्त्र आम्हीं पुस्तकांत वाचलें आहे. त्याच्या बोटांत तें होतें. अकरा वाजेपर्यंत तो पानें उलटीत बसला. निघतांना म्हणाला, “झालें कीं स्टँड ओसरीवर ठेवा. मी सहाला उचलतों, तुम्हांला उठवत नाहीं.”

१८६ पानें, म्हणजे ९३ छायाचित्रें. जीर्ण पान उलटावयाचें, कडा सरळ करावयाच्या, कॅमेऱ्यास स्पर्शाचा धक्का लागूं नये म्हणून कळ दाबून दोन सेकंद श्वास धरावयाचा. कृष्णेवरून गार वारा येत होता. वहिनी शाल पांघरून शेजारीं बसल्या होत्या व मोडी लागेल तेवढी मोठ्यानें वाचीत होत्या. दीड वाजतां शेवटचें पान झालें. ती रात्र आमच्या चांगल्या रात्रींपैकीं एक होती, हें पुढें जें झालें त्यामुळें नाकारण्याचें कारण नाहीं.

आम्हीं खटका दाबला, कॅमेरा अलगद हातांत आला, तो आम्हीं पिशवींत घातला. स्टँडाचे पाय मिटले व तो ओसरीवर ठेवला. जुन्या स्क्रूचा स्टँड असता तर कॅमेरा सुटण्यासाठीं तो उलट फिरवावाच लागता, व ज्याचें त्याचें त्याच्यापाशीं राहतें. येथें सुटलें तें इतकें सहज सुटलें कीं, त्याबरोबर काय आलें हें पाहण्याची गरजच भासली नाहीं. पहाटे पांचला आम्ही पुण्यास निघालों, कारण सकाळीं महाविद्यालयांत तास होते. तासाला फोन मुका करून ठेवण्याची आमची शिस्त आहे, व विद्यार्थ्यांकडूनही आम्ही ती पाळून घेतों.

बारा वाजून गेल्यावर फोन पाहिला. अनोळखी क्रमांकावरून अकरा वेळां हांक आलेली होती, व दोनदां वहिनींची. त्यांनीं पुन्हा फोन केला तेव्हां त्यांच्या आवाजांत राग नव्हता, तो असता तर बरें वाटलें असतें. “भावोजी, त्या मुलाची कसली पट्टी तुमच्याकडे आली आहे का? तो पोर सकाळपासून दोनदां येऊन गेला.” आम्हीं पिशवींतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. तो डगडगला. त्याच्या पोटाशीं ती लांबट प्लेट होती, सायकलच्या ट्यूबसकट.

आम्हीं दुपारचे तास एका सहकाऱ्याच्या गळ्यांत घातले. पुण्यांत छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानांत ती प्लेट दाखविली. दुकानदारानें एका दृष्टिक्षेपांत ओळखून तशीच दुसरी काढून दिली. किंमत अशी कीं, ती उच्चारली तर वाचक आमच्या दुःखास हांसतील. ती घेऊन आम्ही पुन्हा घाट चढलों व दिवेलागणीस वाईस पोंचलों.

तो दुकानांत संगणकासमोर बसून त्याच दिवसाचें चित्रण पाहत होता. आम्हांस पाहून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. आम्हीं क्षमा मागूं लागलों तेव्हां त्यानें कांहीं न बोलतां पडदा आमच्याकडे वळविला. प्लेट नाहीं हें त्याला मंडपांत पोंचल्यावर कळलें होतें. वाईंत तसली कोणाकडे मिळाली नाहीं, साताऱ्यास जाऊन येण्यास वेळ नव्हता. तेव्हां त्यानें स्टँडाच्या पोकळींत फडकें कोंबून वर कॅमेरा सुतळीनें बांधला होता. पडद्यावर अंतरपाट धरला होता. मंगलाष्टकें सुरू होतीं. पहिल्यास चित्र सरळ होतें. तिसऱ्यापासून सुतळी सैल पडूं लागली असावी. सगळा मंडप हळूहळू डावीकडे कलत चालला, नवऱ्या मुलीचा मामा कडेला गेला, भटजी निम्मे बाहेर पडले, आणि अंतरपाट दूर झाला त्या क्षणीं चित्रांत नवरीच्या चेहऱ्याऐवजीं मंडपाची झालर होती. पुढें चित्र एकदम हिसका बसून सरळ झालें. तेथें त्यानें कॅमेरा हातांत घेतला होता. पण तो क्षण गेलेला होता. ऋण असल्या प्रकारचें असलें म्हणजे तें कोणत्या तिथीस परत करावें?

“मुलीकडच्यांनीं तीन हजार कापले,” तो म्हणाला. “त्यांचेंही चुकलें नाहीं. एकदांच होतें तें.” मग थोडें थांबून म्हणाला, “सर, राग नाहीं. पण काढतांना खालीं बघितलें असतेंत तर झालें असतें.”

आम्हीं तीन हजार रुपये पुढें केले. तो नको म्हणेल, आपण आग्रह करूं, तो लाजेल, असें कांहीं तरी आमच्या मनांत होतें. शिकलेल्या माणसांच्या मनांत अशा वेळीं स्वतःच्या औदार्याचा एक लहानसा प्रवेश तयार असतो. त्यानें पैसे घेतले, मोजले व खणांत ठेवले. आम्हांस तें आवडलें, आणि आम्ही जरा खजीलही झालों. नंतर त्यानें विचारलें, “वहीचें काम झालें का?” आम्हीं सांगितलें कीं, ९३ पैकीं एक हललें आहे, बाकी सर्व स्वच्छ आलीं. कितवें, असें त्यानें विचारलें. चाळिसावें. “अकराच्या आधींचें कीं नंतरचें?” आम्हीं हिशोब केला; आधींचें होतें. “मग तें माझ्या हातचें,” तो म्हणाला, व पहिल्यानेंच हांसला.

चहा आला. त्यानें आपली जुनी प्लेट रुपयानें कॅमेऱ्यास बसविली, ट्यूबचा तुकडा नीट केला, स्टँडांत सरकवून खटका लावला, आणि कॅमेरा धरून एकदां जोरानें वर ओढून पाहिला. नवी प्लेट हातांत घेऊन उलटसुलट पाहिली. मग टेबलाखालून सकाळची ती सुतळी काढली, स्टँडाच्या एका पायाशीं नवी प्लेट धरली, व सुतळीचे फेरे देत देत ती तेथें घट्ट बांधून टाकली.